बेंचची कुळकथा

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात ‘सध्या बेंचवर आहे’ एवढं म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. पगार चालू असतो, पण त्या माणसाचे तास कुठल्याच ग्राहकाच्या बिलात लागत नाहीत.

१९८०च्या दशकात भारतीय सॉफ्टवेअर कंपन्या प्रामुख्याने माणसंच परदेशी ग्राहकाकडे पाठवत. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसनेही सुरुवातीला अशीच कामं केली. नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आणि उपग्रहाच्या जोडण्या आल्या, वायटूकेने, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकातल्या तारखा चुकण्याच्या धास्तीने, कामाचा पूर आणला आणि प्रोजेक्ट इथे बसून होऊ लागले. ग्राहकाला टीम काही आठवड्यांत हवी असते. बाहेरून येणाऱ्या अनुभवी माणसाचा नोटीस पीरियड मात्र ६० ते ९० दिवसांचा. हे अंतर भरून काढायला कंपन्या आधीच माणसं घेऊन ठेवू लागल्या आणि बेंच रुजला.

किती माणसं राखून ठेवायची, याचं गणित संगणकाहून जुनं आहे. ठेवीदार कधी किती पैसे मागतील हे ठाऊक नसताना बँकेने किती रोकड राखावी, हे अँग्लो-आयरिश अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ साली मांडलं. त्याच वाटेने पुढे निघालेला नियम असा : माणूस कमी पडल्याचं नुकसान तो रिकामा राहिल्याच्या खर्चाच्या तिप्पट असेल, तर चारपैकी तीन वेळा मागणी पुरी होईल इतकी माणसं ठेवावीत. जावा आणि टेस्टिंग दोन्ही येणारी माणसं असतील तर बेंच आखूड चालतो, कारण दोन्हीकडची मागणी एकाच वेळी शिगेला पोचेल असं क्वचितच होतं.

जून २०२५मध्ये टीसीएसने वर्षाला किमान २२५ बिलेबल दिवस आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस अशी मर्यादा घातली. मागणीच्या अनिश्चिततेचा भार इथे कर्मचाऱ्याच्या खांद्यावर सरकतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. ‘टीम तयार आहे’ या भरवशावर कंपनी कंत्राट मिळवते. त्या तयारीचा खर्चही तिनेच सोसायला हवा. बेंचवरचे दिवस नवं कौशल्य शिकवण्यात घालवावेत, आणि कर्मचाऱ्याच्या नावावर फक्त तेच दिवस मांडावेत, जेव्हा योग्य प्रोजेक्ट देऊनही त्याने तो नाकारला.