स्थानकांच्या पाट्यांवरची मुंबई : चर्नी रोड ते कॉटन ग्रीन

१/ जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबईतील सात उपनगरी रेल्वे स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव संमत केला. चर्नी रोडचे गिरगाव, करी रोडचे लालबाग, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, कॉटन ग्रीनचे काळाचौकी इत्यादी. अंतिम मान्यता केंद्र सरकारची लागते. या ठरावावरील बहुतेक चर्चा ‘इंग्रजांची नावे’ या दोन शब्दांतच आटोपली. मात्र ही सारी नावे खरोखर एकाच जातकुळीतली आहेत का? #थ्रेड

२/ प्रारंभ ‘रोड’ या शब्दापासून करू. ग्रँट रोड, चर्नी रोड, करी रोड, एल्फिन्स्टन रोड, सँडहर्स्ट रोड. एवढे ‘रोड’ कशासाठी? स्थानकाला वस्तीचे नाव न देता तिथवर पोहोचवणाऱ्या रस्त्याचे नाव देण्याची ही जुनी रेल्वेची रीत. म्हणजे गव्हर्नरांची नावे आधी रस्त्यांना मिळाली आणि मग स्थानकांना. पुढे रस्त्यांची नावे पालटली, पाट्या मात्र तशाच राहिल्या.

३/ याचे उत्तम उदाहरण म्हणजे सँडहर्स्ट रोड. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला आणि १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून ट्रस्टने रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड त्यांतलाच. आज तो सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे. दादर-माटुंग्याची आखीव वसाहत, म्हणजे हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी, हीसुद्धा याच ट्रस्टच्या योजनांचे फळ. म्हणजे या नावात केवळ एक गव्हर्नर नाही. प्लेगने हादरलेले एक शहरही आहे.

४/ आता करी रोड. या नावाचा मसाल्याशी काडीचाही संबंध नाही. चार्ल्स करी हे १८६५ ते १८७५ या काळात ‘बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’चे एजंट, म्हणजे कंपनीचे मुख्य अधिकारी होते. गंमत अशी की ही कंपनी म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, आणि करी रोड स्थानक आहे मध्य रेल्वेवर, जुन्या जीआयपीच्या मार्गावर! एका कंपनीच्या साहेबाचे नाव दुसऱ्या कंपनीच्या फलाटावर लागले, तेही रस्त्यामुळेच.

५/ एल्फिन्स्टन नावाचा घोळ तर जुनाच. एल्फिन्स्टन कॉलेज ज्यांच्या स्मरणार्थ निघाले ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळातले गव्हर्नर. स्थानकाचे नाव मात्र त्यांचे पुतणे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांचे. ते १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर होते. काका-पुतण्यांची गल्लत आजही होते.

६/ चर्नी रोडवर तर दोन दंतकथांचे भांडण आहे. लोकप्रिय कथा अशी : कंपनी सरकारने गुरे चारण्यावर शुल्क लावले, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वाराजवळ जमीन विकत घेऊन ती गुरांना मोकळी सोडली, त्या ‘चरणी’वरून चर्नी रोड. दुसरी व्युत्पत्ती कमी परिचित आहे. सॅम्युअल शेपर्ड यांच्या १९१७ च्या मुंबईतील स्थलनामांवरील पुस्तकात ती आढळते. ठाण्याच्या चेंदणी भागातून आलेली माणसे गिरगावात स्थायिक झाली, त्यांची वस्ती ‘चेंदणी’ म्हणून ओळखली जाई, आणि त्याचे पुढे ‘चर्नी’ झाले.

७/ दोहोंपैकी कोणतीही व्युत्पत्ती खरी मानली, तरी एक गोष्ट अटळ आहे. चर्नी हे नाव कोणा इंग्रजाचे नाही. ते एकतर गवताचे आहे, नाहीतर ठाण्याहून आलेल्या स्थलांतरितांचे. परकीय नाव पुसण्याच्या यादीत एक देशी नाव येऊन बसले आहे.

८/ गिरगाव हे नाव अर्थातच अधिक जुने. मलबार हिलच्या पायथ्याचे गाव, म्हणून गिरिग्राम, अशी त्याची फोड केली जाते. आतल्या गल्ल्यांची नावे अधिक बोलकी आहेत. मुगभाट, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. जिथे आज चाळींवर टॉवर चढत आहेत, तिथे कधीकाळी मळे आणि बागा होत्या, हे सांगणारे सर्वांत सहज हाती येणारे साक्षीदार म्हणजे ही नावे. ती कोणत्याही सरकारने दिलेली नाहीत.

९/ आता यादीतले सर्वांत वेगळे नाव : कॉटन ग्रीन. इथे ना गव्हर्नर, ना रेल्वेचा साहेब. टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानाला ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. आज तिथे हॉर्निमन सर्कल आहे. देशावरून आलेल्या कापसाच्या गाठींचे ढीग तिथे पडत. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला गेला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो शिवडीकडे, पोर्ट ट्रस्टने भराव घातलेल्या जमिनीवर आला. कापसाबरोबर ‘ग्रीन’ हा शब्दही प्रवास करत आला. मैदान गेले, नाव उरले.

१०/ या कापसावरच मध्य मुंबई उभी राहिली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी इथे चिमण्यांचे रान उठले. कोकण आणि घाटावरून आलेले कामगार खोल्यांत, खानावळींत, गाळ्यांत पाळीपाळीने राहू लागले. काळाचौकी हे नाव कामगारांना जवळचे आहे यात शंका नाही. परंतु कॉटन ग्रीन हे त्यांच्या हातातल्या सुताचे नाव होते.

११/ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरण्या पुन्हा पूर्ववत सावरल्या नाहीत. जमिनींवर मॉल आणि कार्यालये आली, आणि बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींत लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले. या नामांतरासाठी ना ठराव लागला, ना विधिमंडळ. त्यावर फारसे कोणी रागावलेही नाही.

१२/ २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. गिरण्यांच्या जागी आलेल्या कार्यालयांची गर्दी जुन्या काळातल्या पुलाला पेलवली नाही. लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. जुलै २०१८ मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. नामांतराचा निर्णय दुर्घटनेच्या आधीचा होता, त्यामुळे दोहोंत कार्यकारणभाव शोधू नये. तरीही वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत ती दुर्घटना ‘एल्फिन्स्टन’च्या नावे नोंदली गेली आहे. उद्याच्या वाचकाला तो पूल कुठे होता हे कळायचे, तर दोन्ही नावे ठाऊक असावी लागतील.

१३/ नावे बदलू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. लालबागच्या माणसाला आपल्या स्थानकावर लालबाग वाचावेसे वाटणे रास्त आहे. चार्ल्स करी यांच्याशी त्याचे कोणतेही देणेघेणे नाही. पण प्रत्येक नाव म्हणजे एक दस्तऐवज असतो. दस्तऐवज बदलताना जुन्याची नोंद ठेवण्याची पद्धत दप्तरात असते, तशी ती फलाटावरही असावी. नव्या पाटीखाली चार ओळींचा लहानसा फलक : जुने नाव कोणते, ते कशावरून पडले, कधी बदलले. खर्च किरकोळ, लाभ पिढ्यांचा.

१४/ शेवटी एक नाव, जे कोणत्याच यादीत नाही : गिरणगाव. परळ, लालबाग, शिवडी, भायखळा, वरळी या साऱ्या टापूला सामावणारे हे नाव कोणत्याही स्थानकाच्या पाटीवर कधी लागले नाही. कोणा गव्हर्नराने ते दिले नाही आणि कोणत्या ठरावाने ते आले नाही. भोंग्यावर उठणाऱ्या लोकांनी ते वापरले, म्हणून ते रूढ झाले. भोंगे थांबले, ज्यांच्या तोंडी ते नाव सहज येत असे ती पिढी आता वृद्ध झाली आहे. पाटीवरचे नाव बदलता येते, पण पाटीवर कधी न लागलेले नाव टिकते ते केवळ बोलण्यात.

१५/ ज्यांच्या घरी गिरणीत राबलेले आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांना आपल्या गल्लीचे, चाळीचे, नाक्याचे जुने नाव अवश्य विचारावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. मुंबईच्या इतिहासाची बरीच साधने अजून कागदावर यायची आहेत. (समाप्त)