न छापलेली अट

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने नव्याने येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याजवळ संगणक असलाच पाहिजे, अशी अट घातली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी अशा अटीचा इतिहास आमच्या झाडीपट्टीतून लिहायचा, तर मला दोन्ही शेजारी ठेवाव्या लागतात.

ड्रेक्सेलने अट घातली तेव्हा ॲपलचे मॅकिंटॉश बाजारात आलेलेच नव्हते. विद्यापीठाने कंपनीशी बोलणी केली आणि 1984 च्या मार्चपासून मुलांना ते यंत्र सवलतीच्या दरात मिळू लागले. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्कसनने 1983 मध्येच पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती झेनिथचे संगणक दिले आणि किंमत शुल्कातून वळती केली. अट जाचक होतीच. पण ती छापली, म्हणून ती पुरी कशी होणार हेही विद्यापीठालाच पाहावे लागले.

आपल्याकडेही छापील अटी होत्या. इंजिनिअरिंगला ड्राफ्टर आणि कॅल्क्युलेटर लागे. ते प्रवेशावेळीच कळे आणि वरच्या वर्गातल्या पोराकडून अर्ध्या किमतीत मिळेही. संगणकाचे मात्र तसे झाले नाही. 2001 मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरीच्या आशेने तालुक्याच्या गावी क्लास भरू लागले. तिथे यंत्र क्लासवाल्याचे, आपला फक्त वेळ आणि फी.

27 सप्टेंबर 2011 रोजी नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ झाले. आमच्यासाठी ही मोठी गोष्ट होती, कारण सिरोंच्याच्या मुलाला नागपूर गाठायचे म्हणजे दोन दिवस मोडत. त्याआधी बाराच दिवस, 15 सप्टेंबरला, तामिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देणारी योजना सुरू केली होती. तिथे यंत्र आधी हातात आले. इकडे परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, निकाल एकेक करून पडद्यावर गेले आणि यंत्राचे नाव कोणी काढले नाही. ज्याच्याकडे ते नव्हते तो ऑनलाइन सेंटरवाल्याला पैसे देऊन मोकळा होई. प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन रांगेत उभी असलेली मुले मी कितीदा पाहिली आहेत.

2020 मध्ये ही रांगही बंद झाली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या नाहीत असे राज्य सरकारने ठरवले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या हव्यातच असे म्हटले आणि 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. ऑक्टोबरात राज्यभर बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या, मुख्यतः ऑनलाइन. त्याआधीच्या 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी 4.4 टक्के घरांत संगणक होता आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय. हे सरासरीचे आकडे झाले. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बुडतो, तिथे सरासरी कुठली पोहोचायला! चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे, आणि त्याच मुलखात मोबाइल चार्ज करायला पोरे दुसऱ्या गावी जात.

'संगणक ऐच्छिक होता, मोबाइलवर भागत होते,' असे यावर सांगितले जाते. मला ते पटत नाही. मोबाइल तरी कोणाचा? बहुतेक घरांत तो एकच, बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या खिशातला. तो कामावर गेला की पेपरही त्याच्याबरोबर गेला. लॅपटॉपची अट छापली असती, तर निदान कोणत्या तरी सभेत खर्चाचा प्रश्न निघाला असता.

माझ्याजवळ महाविद्यालयांच्या जुन्या माहितीपुस्तिका आहेत, काहींची पाने वाळवीने खाल्लेली. 'प्रवेशासाठी आवश्यक' या मथळ्याखाली टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो. करोनानंतरची एक पुस्तिका परवा मिळाली. यादी तीच आहे. फक्त तळाशी बारीक अक्षरात एक ओळ वाढली आहे, अर्ज फक्त ऑनलाइन स्वीकारले जातील.