जुनी स्विस घड्याळे : तबकडी रंगवण्यापूर्वी

भारतात सापडणाऱ्या जुन्या स्विस मनगटी घड्याळांविषयी संग्राहकांना कुतूहल आहे, तसाच संशयही. १७३७ पासूनची परंपरा सांगणाऱ्या फेवर-ल्यूबाने १८६५ मध्ये भारताची बाजारपेठ गाठली. वेस्ट एंडने तर आपल्या घड्याळाला ‘सोवार’, म्हणजे घोडेस्वार, असे देशी नाव दिले. चावीची ही घड्याळे दुरुस्त करताना मुंबईत अनेकदा तबकडीच नव्याने रंगवली गेली. चकाकी आली, संग्राहकांच्या लेखी किंमत मात्र घसरली. जाड, वेडीवाकडी अक्षरे किंवा आतील यंत्रावरील नावाशी न जुळणारी तबकडी, ही त्याची खूण. फलटणसारख्या जुन्या संस्थानी गावी आजोबांचे घड्याळ कपाटात सापडलेच, तर जाणत्या घड्याळजीकडून यंत्राचे तेलपाणी करून घ्यावे; डागाळलेली तबकडी तशीच राहू द्यावी.