तळटीप १७ : पॉप्युलर फ्रंट आणि अराजकवादी
१७. लेखकाने इथे 'अराजकवाद्यांनीही मते दिली' एवढ्यावर भागवले आहे. थोडा खुलासा हवा. सीएनटी ही स्पेनमधील अराजकवाद्यांची कामगार संघटना. नोव्हेंबर १९३३ च्या निवडणुकीत तिने मतदानावर बहिष्काराचा जोरदार प्रचार केला आणि उजवे निवडून आले. पुढच्याच वर्षी अस्तुरियासच्या खाणकामगारांचा उठाव लष्कराने चिरडला, तुरुंग भरले. जानेवारी १९३६ मध्ये रिपब्लिकन, समाजवादी, कम्युनिस्ट वगैरेंनी पॉप्युलर फ्रंटचा करार केला. राजकीय कैद्यांची सुटका हे त्याचे ठळक कलम. सीएनटीने करारावर सही केली नाही, पण बहिष्काराचा धोशाही लावला नाही. ज्यांचे भाऊ-मुलगे गजाआड होते, त्यांना तत्त्वाचे धडे कोण देणार?

निवडणूक कायदाही आघाडीला धार्जिणा होता. माद्रिद शहराच्या १७ जागांपैकी पहिल्या यादीला १३, दुसरीला ४. त्यामुळे वेगळी चूल मांडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नसे. पोऊमसारख्या, मॉस्कोशी वाकडे असलेल्या मार्क्सवादी पक्षानेही म्हणूनच सही केली. त्याचे नेते माउरिन निवडून आले.

यादवी सुरू झाल्यावर, नोव्हेंबर १९३६ मध्ये, सीएनटीचे चौघे चक्क मंत्री झाले. त्यांपैकी गार्सिया ओलिवेर यांच्याकडे न्यायखाते आले. त्यांनी स्वतः बरीच वर्षे तुरुंगात काढली होती! (लेखक त्यांना 'संधिसाधू' म्हणतो, ते आम्हाला पटत नाही.) मे १९३७ मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर आघाडीतलेच लोक एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. जूनमध्ये पोऊमवर बंदी आली.
— संपा.