रात्रीचा लॉग कुणी बघितलाच नाही

मंडळी, या वीकेंडला ना कोड, ना गडकिल्ले. आजचा विषय घोरणं! हसू नका, शेवटी गाडी ब्लडप्रेशरवर येणार आहे.

घोरणं हा आपल्याकडे चेष्टेचा विषय. कुंभकर्णाचं नाव काढायचं, हसायचं आणि वर "काय गाढ झोपलाय बघा" म्हणायचं. इंग्रजांचंही तेच. डिकन्सच्या १८३६-३७ सालच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक जाडगेला पोरगा आहे, तो उभ्याउभ्या पेंगतो. वाचक सव्वाशे वर्षं त्याला हसले.

१९५६ साली अमेरिकेत बर्वेल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लठ्ठ पेशंटची केस छापली. हा गृहस्थ पोकर खेळताना हातात फुल हाउस असूनही झोपी गेला! डॉक्टरांनी आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं आणि दोष दिला रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला. म्हणजे पेशंट जागेपणी तपासला.

१९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी स्वतंत्रपणे अशा पेशंटच्या झोपेचं आणि श्वासाचं रेकॉर्डिंग केलं. झोप लागली की घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो. पुन्हा तेच, रात्रभर. पेशंटला सकाळी यातलं काही आठवत नाही. हाच स्लीप ॲप्निया.

मग ब्लडप्रेशर कुठे आलं? इटलीत बोलोन्याला लुगारेसी आणि मंडळींनी झोपलेल्या पेशंटच्या धमनीतला दाब मोजला. श्वास अडला की दाब चढतो, हे दिसलं. १९७२ साली गिलेमिनो स्टॅनफर्डला गेले. तिथे त्यांच्याकडे दहाएक वर्षांचा एक मुलगा आला. दिवसा पेंगायचा आणि बी.पी. भलतंच वाढलेलं. घशाखाली श्वासनलिकेला छिद्र पाडल्यावर त्याचं बी.पी. उतरलं. तेव्हा उपाय तेवढाच होता. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवायचं सीपॅप मशीन सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडलं.

आता कुणीही इंजिनिअर विचारेल की हे नुसतं कोरिलेशन कशावरून नाही? लठ्ठ माणूस घोरतो, लठ्ठ माणसाला बी.पी. असतं, संपलं! शंका रास्त आहे, आणि डॉक्टर लोक तिच्यावर बरीच वर्षं भांडले. टोरांटोच्या फिलिप्सन यांच्या टीमनं १९९७ साली छापलेला प्रयोग मला फार आवडतो. चार कुत्रे. कुत्रा झोपला की कॉम्प्युटर ते ओळखायचा आणि श्वासाची नळी बंद करायचा, जागा झाला की उघडायचा. एक ते तीन महिन्यांत दिवसाचं बी.पी.सुद्धा वाढून बसलं. हे थांबवल्यावर परत खाली आलं. आणि नुसत्या आवाजानं झोपमोड केली, तर बी.पी. रात्रीपुरतं वाढलं, दिवसाचं नाही. म्हणजे झोपमोड एकटी गुन्हेगार नव्हे, श्वास कोंडणं महत्त्वाचं. ऑक्सिजन घसरला की शरीराची धोक्याची घंटा वाजते, रक्तवाहिन्या आवळतात, आणि रोज वाजणारी घंटा हळूहळू दिवसाही थांबेनाशी होते.

माणसांचा पुरावा २००० साली विस्कॉन्सिनहून आला. ७०९ जणांकडे चार वर्षांनी परत पाहिलं. तासाला १५ किंवा जास्त वेळा श्वास अडणाऱ्यांत बी.पी. होण्याची शक्यता जवळपास तिप्पट, आणि हे वजन-वय वगैरे हिशेबात धरून. २००३ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये बी.पी.च्या ओळखता येणाऱ्या कारणांत स्लीप ॲप्निया आला.

हे सगळं गोऱ्यांचं, असं वाटत असेल तर मुंबईला या. माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमध्ये रुटीन हेल्थ चेकअपला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उडवाडिया यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या २५० जणांची झोप घरीच मोजली. अंदाज निघाला की १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडतो, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची पेंगही आहे. ही आजारी म्हणून आलेली माणसं नव्हती बरं का!

अर्थात मास्क लावला की गोळ्या सुटल्या, असं मुळीच नाही. २०१३ च्या स्पेनमधल्या चाचणीत हट्टी बी.पी. असलेल्यांचा सरासरी दाब सीपॅपनं ३ अंकांच्या आसपासच उतरला. २०१६ च्या 'सेव्ह' चाचणीत (भारतातलेही पेशंट होते) हार्ट ॲटॅक, स्ट्रोक वगैरे कमी झाले नाहीत. पण तिथे लोक मास्क रात्री सरासरी तीन-साडेतीन तासच लावत होते, हेही लक्षात घ्या.

आता आपल्या हिंजवडीकडे. फेज वन ते फेज थ्री, कंपनीच्या चेकअपमध्ये दंडाला पट्टा बांधतात. ही पद्धत १८९६ ची रिवा-रोच्चीची, तिला १९०५ साली कोरोटकॉफनं स्टेथोस्कोप जोडला. मोजमाप जाग्या माणसाचं, दोन मिनिटांचं. प्रॉडक्शनवर रात्री सर्व्हर झोपला तर आपण लॉग काढतो. स्वतःच्या बाबतीत मात्र दिवसाच्या रीडिंगवर भागवतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही बी.पी. हलत नसेल, तर डॉक्टरांकडे जाताना घरच्या माणसाला बरोबर न्या. "हे रात्री मधेच श्वास घ्यायचे थांबतात हो," हे वाक्य तक्रार नाही, तो लॉग आहे. आणि तो फक्त त्यांच्याकडेच आहे.