चिनी मातीचा दांत आणि रात्रीचें जातें

रागावलेला मनुष्य दांतओठ खातो, तें सर्वांस दिसतें. झोपेंत दांत खाणारा मनुष्य मात्र कोणावर रागावलेला नसतो आणि आपलें हें खाणें बहुधा त्याला स्वतःला ऐकूंही येत नाहीं. ऐकावें लागतें तें शेजारीं निजलेल्याला. मूल असें दांत खाऊं लागलें कीं पोटांत जंत झाले, हें निदान आमच्या लांज्याकडच्या आज्या निःशंकपणें करीत आणि दुसऱ्या दिवशीं वावडिंगाची पुडी निघे. जंतांशीं असलेला हा संबंध शास्त्राला ठामपणें सिद्ध करतां आलेला नाहीं. पण आज्यांना निदान त्या आवाजाची दखल घ्यावीशी वाटे, हें कांहीं थोडें नव्हे. सुश्रुतानें दांतांचे जे आठ रोग सांगितले त्यांत दांत मोडण्याचा ‘भंजनक’ आहे. पाश्चात्य वैद्यकांत या संवयीला स्वतंत्र नांव मिळालें तें १९०७ सालीं, मारी व पिएत्किएविच या फ्रेंच लेखकांकडून.

निसर्गानें दिलेला दांत झिजला किंवा फुटला म्हणजे त्यावर कॅप बसवण्याची वेळ येते. ही कॅप चिनी मातीची असावी, ही कल्पना कोणाला कशी सुचली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पॅरिसजवळील दुशातो नांवाचा एक औषधविक्या आपल्या हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीनें हैराण झाला होता. औषधें ज्या चिनी मातीच्या खलांत घोटावयाचीं त्यांस कसला वास लागत नाहीं, हें तो रोज पाहत होता. तेव्हां १७७४ च्या सुमारास त्यानें तिचीच कवळी करविली. द्युबुआ द शेमां या दंतवैद्यानें ती कला सुधारली, आणि १८०८ सालीं फोंझी या इटालियन कारागिरानें प्लॅटिनमचे आंकडे बसविलेले सुटे दांत करून दाखविले. पुढें अमेरिकेंत डेट्रॉइट येथील चार्ल्स लँड यानें प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर चिनी माती भाजून संबंध दांतावर चढवितां येईल असें आवरण बनविलें. १९०३ च्या सुमारास तें दंतवैद्यांच्या जगांत प्रसिद्ध झालें. (१९२७ सालीं एकट्यानें अटलांटिक ओलांडणारा वैमानिक लिंडबर्ग हा या लँडच्या मुलीचा मुलगा.)

हें आवरण दिसावयास इतकें सुंदर कीं खऱ्या दांतांत मिसळून जाई. फुटे मात्र फार! चिनी मातीचा स्वभावच असा कीं दाबाला ती टिकते, पण ताण पडला कीं तडा जातो. वरून चावा बसला म्हणजे आवरणाच्या आंतल्या बाजूस ताण उत्पन्न होतो, आणि भट्टींतून निघून निवतांना पडलेल्या डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा तेथेंच दबा धरून बसलेल्या असतात. कांचेसारख्या पदार्थांचें बळ अशा भेगांवरच अवलंबून असतें, हें इंग्लंडांतील ग्रिफिथनें १९२० मध्यें गणितानें दाखविलें. दांत खाणाऱ्याच्या बाबतींत तर एकाच चाव्याचा प्रश्न नाहीं. रात्रींचा हा जोर क्वचित् जागेपणीं मुद्दाम चावून येणाऱ्या जोरालाही मागें टाकतो, आणि तो पुनःपुन्हां, तिरका, लाळेच्या ओलाव्यांत पडतो. ओलाव्यानें भेग अधिक लवकर वाढते.

म्हणून गेल्या शतकाचा इतिहास हा सौंदर्य न घालवितां बळ कसें आणावें याचा इतिहास आहे. १९६२ मध्यें धातूच्या कॅपवर चिनी माती पक्की बसविण्याची रीत अमेरिकेंत पेटंट झाली, आणि पुढें कित्येक वर्षें आपल्याकडे ‘कॅप’ म्हणजे हीच. १९६५ मध्यें लंडनच्या मॅक्लीन व ह्यूज यांनीं चिनी मातींत ॲल्युमिनाचे कण मिसळून तिचें बळ सुमारें दुप्पट केलें. ज्या जांभ्यावर लांजें वसलें आहे त्यांतही लोहाबरोबर ॲल्युमिनियमचीं ऑक्साइडें आहेत; तोच जांभा दापोली-मंडणगडाकडे बॉक्साइटच्या रूपानें सांपडतो. आमचा चिरा खाणींत मऊ असतो व वाऱ्यानें घट्ट होतो, हें येथील गवंड्याला ठाऊक आहे. पण घट्ट होणें निराळें आणि न फुटणें निराळें, हेंही त्यालाच अधिक ठाऊक.

न फुटण्याची किल्ली सांपडली ती झिर्कोनियांत. १९७५ सालीं ऑस्ट्रेलियांतील गार्वी व त्याच्या सहकाऱ्यांनीं ‘सिरॅमिक पोलाद?’ असें प्रश्नार्थक शीर्षक देऊन एक निबंध छापला. या पदार्थांत भेग पुढें सरकूं लागली कीं तिच्या टोंकाजवळचे कण आपलें रूप पालटून किंचित् फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. जुनी चिनी माती जेथें ६०-७० मेगापास्कलला वांकवितांना मोडे, तेथें हा पदार्थ हजाराच्या आसपास टिकतो. तरीहि पहिल्या झिर्कोनिया कॅपांनीं दांत खाणाऱ्यांस दगा दिलाच. कारण शोभेसाठीं तिच्यावर जुनीच नाजूक चिनी माती चढविलेली असे. आंतला गाभा शाबूत राही, वरचे टवके उडत. आतां संबंध कॅप एकजिनसी झिर्कोनियाची करतात, तेव्हां टवक्यांचा प्रश्न बराच मिटला.

मग समोरच्या दांताचें काय होतें? येथें मला जात्याची आठवण होते. जातें दळेनासें झालें कीं त्याला टाकी लावीत. दगड तोच, पण खडबडीत झाला कीं दळूं लागे. झिर्कोनियाचें अगदीं तसेंच आहे. आरशासारखी घासून गुळगुळीत केलेली कॅप समोरच्या दांताला जुन्या चिनी मातीपेक्षां कमी झिजविते. पण बसवितांना उंची जुळविण्यासाठीं दंतवैद्यानें ती कानशीनें घासली आणि पुन्हां गुळगुळीत न करतांच सोडली, तर रोज रात्रीं तोंडांत टाकी लावलेलें जातें फिरूं लागतें, आणि दळला जातो तो शेजारच्या जबड्यांतला निरोगी दांत. कॅप अभंग आणि दांत झिजलेला, याला यश म्हणावयाचें काय? कॅप किती वर्षें टिकली एवढेंच मोजणारे हिशेब मला म्हणूनच अपुरे वाटतात.

हिशेबांत आणखी एक मेख आहे. कॅपांच्या पुष्कळशा चांचण्यांत दांत खाणाऱ्यांस आरंभींच वगळलेलें असतें. म्हणजे ज्यांच्या तोंडांत खरी परीक्षा व्हावयाची तेच परीक्षेस बसलेले नाहींत. त्यामुळें ‘इतके टक्के टिकतात’ असें कोणी सांगितलें तर तें कोणाच्या तोंडांत, हें विचारून घ्यावें. घरांतल्या माणसानें रात्रीं ऐकलेला आवाज कॅपचें माप देण्यापूर्वींच दंतवैद्याच्या कानीं घालावा. मागच्या दाढांना, जेथें हसतांना कोणाची दृष्टि जात नाहीं, तेथें धातूचा पृष्ठभाग अजूनही पुष्कळ जाणकारांस पसंत आहे, आणि मलाही तो शहाणपणाचा वाटतो. ही संवय सोडविणारा खात्रीचा उपाय नाहीं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मतैक्यांत तर निरोगी माणसाच्या बाबतींत तिला रोग न म्हणतां स्नायूंची एक क्रिया म्हटलें आहे. रात्रीं दांतांवर चढविण्याचा प्लॅस्टिकचा साधा साचा दांत खाणें थांबवीत नाहीं. तो स्वतः झिजतो आणि कॅपला व समोरच्या दांताला वांचवितो. झिजला म्हणजे दुसरा करून घ्यावयाचा.