जुनी गाडी, नवी ठिणगी

मोटार वाटेंत बंद पडली म्हणजे पेट्रोल संपलें असावें, असें घरांतल्या मंडळींना वाटतें. मिस्त्रीला मात्र आधीं ठिणगीचा संशय येतो. त्याचा संशय मोटारीच्या जन्माइतकाच जुना आहे. जर्मनींतील कार्ल बेन्झ यानें १८८६ सालीं आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें. इतर सर्व अडचणींपेक्षां ठिणगीचीच अडचण त्याला थोर वाटली होती. १८८८ सालीं त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडींतून गेली. वाटेंत तारेवरचें आवरण झिजलें, तेव्हां मोज्याचा बंद गुंडाळून तिनें काम भागविलें, असें सांगतात. मोटारीच्या विजेचा दोष रस्त्यांतच हुडकणाऱ्या पहिल्या कारागिरांत एका गृहिणीची गणना करावी लागते, हें आमच्या पुरुषवर्गानें ध्यानांत ठेवावें!

पुढें स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशनें १८९७ सालीं मोटारीच्या इंजिनावर मॅग्नेटो बसविला व त्याच्या कारखान्यांतील गोटलोब होनोल्डनें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी सिद्ध केली. बॅटरीची गरज उरली नाहीं. पण हातानें हळू फिरविलेल्या इंजिनांत मॅग्नेटोची ठिणगी दुबळी पडे. अमेरिकेंत डेटन येथील चार्ल्स केटरिंगनें बॅटरीवर चालणारी नवी रचना केली. ती १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर आली आणि १९१२ च्या गाड्यांवर त्याचा सेल्फ-स्टार्टरहि आला.

श्रोतेहो, केटरिंगची युक्ति नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे घोटाळे तिच्यांतूनच उद्भवतात. बॅटरीचा प्रवाह कॉईलमधील जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो. इंजिन फिरतांना पॉइंट उघडतात व प्रवाह एकाएकीं तुटतो. त्या क्षणींच बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टांचा दाब उसळतो आणि डिस्ट्रिब्यूटर तो पाळीपाळीनें एकेका प्लगाकडे धाडतो. पॉइंटांमध्यें वीज जळत राहूं नये म्हणून शेजारीं कंडेन्सर असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांतील तरुणांना जुन्या फोर्ड गाड्यांत नवीं इंजिनें घालण्याचा छंद जडला. १९३२ ची फोर्ड वजनानें हलकी. १९५५ सालीं निघालेलें शेव्हरोलेचें आठ सिलिंडरांचें इंजिन आटोपशीर आणि दमदार. जोडी देखणी खरी, पण विजेच्या दृष्टीनें विजोड! फोर्डची बॅटरी ६ व्होल्टांची व तिचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें. शेव्हरोलेची १२ व्होल्टांची व तिचें ऋण टोंक सांगाड्याला.

जुनी ६ व्होल्टांची कॉईल १२ व्होल्टांवर लावली तर प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट होते; पॉइंट जळून काळे पडतात. म्हणून १२ व्होल्टांच्या गाड्यांत कॉईलच्या वाटेवर एक रोधक बसवीत. सेल्फ-स्टार्टर फिरतांना मात्र बॅटरीचा दाब खालावतो. तेवढ्या वेळेपुरता रोधक टाळून वीज थेट कॉईलला देणारी दुसरी वाट ठेवीत. चावी दाबून धरली असतां इंजिन पेटावें आणि सोडतांच मरावें, असें झालें तर दुसरी वाट शाबूत असून रोधकाची वाट तुटली आहे, असें प्रथम धरावें. नवशिका मात्र अशा वेळीं कार्ब्युरेटर उघडून बसतो.

याच्या उलट दोष अधिक फसवा. १९७५ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या गाड्यांत पॉइंटांवांचून चालणारी इलेक्ट्रॉनिक रचना सार्वत्रिक झाली. तिला पुरते १२ व्होल्ट लागतात. ती कोणी १९६० नंतरच्या दशकांतील शेव्हरोलेला बसवितो आणि जागेवर आयती असलेली जुनी तारच जोडतो. त्या गाड्यांत अनेकदां ती तारच रोधक असे. दिसायला इतर तारांसारखीच! गाडी सुरू होते, उभ्या उभ्या छान चालते आणि चढावर ठेंचाळूं लागते. प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, पैसा गेला, दोष कायम. इंजिन चालूं असतां त्या जोडणीपाशीं व्होल्टमीटर धरला असता तर बॅटरीपेक्षां कांहीं व्होल्ट कमी दिसून चोर जागच्या जागीं सांपडला असता.

बॅटरीचीं टोंकें उलट केलीं तर कॉईलवरच्या दोन तारांचीहि अदलाबदल करावी लागते. प्लगाचें मधलें टोंक इंजिन चालतांना फार तापतें. तें ऋण असल्यास ठिणगी सहज उडते, धन असल्यास दाब बराच अधिक लागतो. गाडी चालते, म्हणून ही चूक महिनेन्‌महिने कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

राहिली परतीची वाट. विजेला बॅटरीकडे परत यावेंच लागतें, आणि जुन्या गाड्यांत तें काम लोखंडी सांगाडा बिनबोभाट करी. हौशी मालक सांगाड्याला चकचकीत रंग देतो, इंजिनाखालीं रबर घालतो, कधीं सबंध साटाच फायबरग्लासचा करतो. यांपैकीं कशांतूनहि वीज वाहत नाहीं. अशा वेळीं इंजिनापासून सांगाड्यापर्यंत आणि सांगाड्यापासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड तार न्यावी लागते. आणि ती जेथें टेंकेल तेथला तो महागाचा रंग, मालकाच्या डोळ्यांदेखत, खरवडून लोखंड उघडें करावें लागतें.